क्रिएटिनिन वाढलंय आणि दाढ दुखतेय: आता काय करायचं?

डायलिसिसवर असलेला माणूस दाढ काढायला जातो आणि अनेकदा ती तशीच घेऊन परत येतो. दाताचे डॉक्टर म्हणतात, "आधी किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा." किडनीचे डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, "दाताच्या उपचाराला हरकत नाही." दाताच्या डॉक्टरांना जे हवं असतं त्यातलं या ओळीत काहीच नसतं. डायलिसिस कोणत्या वारी होतं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात का, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती, फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी हातात जोडून तयार केलेली रक्तवाहिनी) कोणत्या हातात, हे सगळं विचारायला पुन्हा एक फेरी पडते. तोवर रात्री दाढ ठणकतेच. मग घरातलं कोणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दाढदुखीची गोळी आणून देतं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत धोक्याची असते ती नेमकी ही गोळी.

किडनीच्या रुग्णावर दाताचे जवळजवळ सगळे उपचार करता येतात, आणि ते वेळेवर झालेच पाहिजेत. फक्त कोणत्या वारी जायचं, कोणतं औषध घ्यायचं आणि किती घ्यायचं, एवढं बदलतं. ते का बदलतं हे कळलं की दोन दवाखान्यांमधल्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

## किडनी नुसती गाळत नाही

मुठीएवढी, साधारण १५० ग्रॅम वजनाची एक किडनी. तिच्यात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला रक्तातून जवळपास १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत शोषून घेतात. उरतं ते एक ते दोन लिटर मूत्र.

याशिवाय किडनीची जोडकामं आहेत, आणि तोंडात जे दिसतं त्यातलं बरंचसं या जोडकामांशी बांधलेलं आहे. रक्तपेशी तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला किडनीच पाठवते. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप ती देते. रक्तदाब, पोटॅशियम, फॉस्फरस आणि शरीरातलं आम्ल यांचा तोलही तीच सांभाळते.

किडनीचं नुकसान किंवा तिची मंदावलेली चाल तीन महिन्यांहून जास्त टिकली, तर त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन सर्वांत मोठी कारणं. चाल किती मंदावली हे ठरवायला रिपोर्टवर ई-जीएफआर नावाचा आकडा असतो. गाळण्या मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात, त्याचा तो अंदाज. ९०च्या वर असेल तर चाल चांगली. ६०च्या खाली तीन महिने राहिला तर आजार. ३०च्या खाली गेला तर बऱ्याच औषधांच्या मात्रा बदलायला लागतात. १५च्या खाली गेला की डायलिसिस किंवा रोपणाचा, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवण्याचा, विषय निघतो.

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ. नुसतं तेवढं सांगून भागत नाही. क्रिएटिनिन १.४ असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाचा ई-जीएफआर ७०च्या आसपास येतो. तेच १.४ सत्तर वर्षांच्या आजींचं असेल तर तो ४०वर येतो. म्हणून "क्रिएटिनिन थोडंसंच वाढलंय" हे वाक्य दाताच्या खुर्चीत बसून सांगायच्या उपयोगाचं नाही. ई-जीएफआर सांगा.

## दाढदुखीची गोळी आणि रेन पाइप

शेतात किंवा बागेत रेन पाइप पाहिला असेल. बारीक छिद्रांचा चपटा पाइप असतो. पाणी सोडलं की छिद्रांतून कारंजी उडतात, आणि ती किती उडतात हे आतल्या दाबावर ठरतं. पाइपच्या सुरुवातीचा कॉक आवळला की कारंजी बसतात. शेवटचं टोक मोकळं सोडलं तरी बसतात.

किडनीतली गाळणी अशीच चालते. आत रक्त आणणारी एक नळी, बाहेर नेणारी एक नळी आणि मधे छिद्रांच्या भिंतींचा गुंता. आतला दाब पाण्याला भिंतीतून बाहेर ढकलतो. रक्त आणणारा कॉक उघडा ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. निरोगी किडनीचं त्यांच्यावाचून फारसं अडत नाही. आजारी किडनी मात्र बरीचशी त्यांच्याच जोरावर चाललेली असते.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, केटोरोलॅक ही सूज उतरवणारी वेदनाशामकं शरीराला हीच द्रव्यं बनवू देत नाहीत. दाढेची सूज उतरते ती यामुळे, आणि किडनीकडे येणारा कॉक आवळला जातो तोही यामुळेच. किडनीच्या रुग्णाला बहुधा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असतं. ते किडनीच्या एरवी भल्याचं, पण ते बाहेर जाणारं टोक मोकळं करतं. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर टाकीतलं पाणीच कमी. वरचा कॉक आवळलेला, खालचं टोक मोकळं आणि टाकी अर्धी! असे तीन-चार दिवस गेले तर क्रिएटिनिन झपकन वर जाऊ शकतं, पोटॅशियमही चढतं. दर वेळी ते पहिल्या पातळीवर परत येतंच असं नाही.

मेडिकलमधून गोळी घेताना पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. "यात पॅरासिटामॉलच आहे" असं सांगून दिलेल्या गोळीत बऱ्याचदा अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी जोडी असते. जिभेखाली किंवा पाण्यात विरघळवायची दाढदुखीची छोटी गोळी बहुधा केटोरोलॅकची असते. दोन्ही टाळा.

चालतं ते साधं, एकटं पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम. ई-जीएफआर १०च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर दोन गोळ्यांत आठ तासांचं अंतर ठेवावं. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉलची गोळी मात्र घेऊ नये. तिच्या एका गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि मिठावर बंधन असलेल्या माणसाला ते जड जातं. त्याहून जोरदार औषध लागलंच, तर ट्रामाडॉलसारखी औषधं कमी मात्रेत आणि जास्त अंतराने, तीही डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

हृदयासाठी रोज घेतली जाणारी ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन वेगळी. दात काढायचाय म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही. एक-दोन दात काढताना ती बहुतेक वेळा चालूच ठेवतात.

## "डायलिसिसवरच आहे, आता बिघडायचं काय राहिलंय?"

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. डायलिसिस सुरू झाल्यावरही अनेकांना दिवसाकाठी थोडी लघवी होत असते. वाटीभर का असेना, ती सोन्यासारखी जपायची. तेवढ्याने दोन डायलिसिसच्या मधे अंगात साठणारं पाणी कमी होतं, पिण्याच्या पाण्याला थोडी सूट मिळते आणि पोटॅशियम थोडं आटोक्यात राहतं. वेदनाशामकं हे उरलंसुरलं कामही बंद पाडू शकतात. लघवी पूर्ण थांबलेली असली, तरी त्यांच्यामुळे जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका राहतोच. या रुग्णांचं रक्त आधीच नीट गोठत नाही, त्यात ही भर कशाला?

## तोंडात काय दिसतं, आणि का

सर्वांत आधी जाणवतो तो वास आणि चव. रक्तात साठलेला युरिया (किडनीने बाहेर टाकायचा आणखी एक टाकाऊ पदार्थ) लाळेत उतरतो, तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात. म्हणून श्वासाला लघवीसारखा उग्र दर्प येतो, तोंडात धातू चघळल्यासारखी चव राहते आणि मटण-अंड्याचा तर वासही नकोसा होतो. घासून घासून हा वास पूर्ण जात नाही, कारण त्याचं मूळ रक्तात आहे. डायलिसिस पुरेसं झालं की तो उतरतो. घरच्यांनी "नीट दात घासत नाही" म्हणून रुग्णाला टोकू नये.

तोंड कोरडं पडणं ही दुसरी तक्रार. पाणी मोजून प्यायचं, त्यात काही औषधं लाळ कमी करतात. लाळ ही तोंडाची रोजची मोलकरीण. ती कमी झाली की जीभ चरचरते, कवळी टोचते, पांढरी बुरशी धरते आणि दातांच्या मुळाशी कीड लागते.

किडीच्या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट दिसते. लाळेतल्या युरियापासून तयार होणारा अमोनिया जंतूंनी केलेलं आम्ल मारतो, म्हणून किडनीच्या आजारातल्या मुलांच्या दातांना कीड अनेकदा कमी आढळते. त्याच अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) लाळेमुळे दातांवर किटण, म्हणजे मळाचा कडक थर, मात्र भराभर साठतं. रोपण यशस्वी झालं की युरिया उतरतो आणि हे कवच जातं. म्हणजे मूल बरं झाल्यावर दातांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. लहानपणीच आजार जडला असेल तर दातांच्या वरच्या थरावर खळगे आणि डागही राहतात.

हिरड्या फिकट दिसतात, कारण हिमोग्लोबिन कमी असतं. फिकट हिरडीवर सूज उठून दिसत नाही आणि हिरडीचा आजार झाकला जातो. तंबाखूची मशेरी लावणाऱ्यांत तर तो दुहेरी झाकला जातो, कारण तंबाखूने हिरडीतलं रक्त येणं कमी होतं आणि हिरडी घट्ट झाल्यासारखं वाटतं. आत हाड झिजतच असतं. मशेरी किडनीचीही वैरीण आहे आणि तोंडाचीही. ज्याला रोपण करून घ्यायचंय त्याने ती आजच सोडावी.

जबड्याच्या हाडाची कथा थोडी लांबची. किडनी ड जीवनसत्त्व कामाचं करत नाही, फॉस्फरस साठतो, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं. ते भरून काढायला गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जादा काम करतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून आणतात. जबडा त्यातून सुटत नाही. एक्स-रेवर दाताच्या मुळाभोवती जी पांढरी बारीक रेघ दिसते ती पुसट होते, हाड दुधी काचेसारखं दिसतं, कधी मधेच पोकळ गाठीसारखा डाग दिसतो. किटण फारसं नाही, पू नाही, तरी दात हलताहेत असं दिसलं, तर दाताच्या डॉक्टरांनी पॅराथायरॉइडच्या तपासणीसाठी रुग्णाला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवावं. अशा हाडातून दात काढताना जोर लावला तर जबडा तडकू शकतो, म्हणून हलक्या हाताने आणि एक्स-रे पाहूनच.

रक्तदाबासाठीच्या अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन या गोळ्यांनी आणि रोपणानंतरच्या सायक्लोस्पोरिनने काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. वाढीला खतपाणी मिळतं ते दातांवरच्या मळाचं. म्हणून आधी स्वच्छता, मग गरज वाटली तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घेणं, आणि शेवटी जादा हिरडी कापणं. कापली पण गोळी आणि मळ तसाच राहिला, तर ती पुन्हा वाढते.

## प्लेटलेट भरपूर, तरी रक्त का थांबत नाही?

रिपोर्टवर प्लेटलेट दोन लाख, तरी दात काढल्यावर उशी लाल. युरिया वाढलेल्या रक्तात प्लेटलेटची संख्या ठीक असते, पण त्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत. माणसं हजर आहेत पण साखळी धरत नाहीत, असं काहीसं. हिमोग्लोबिन कमी असलं की आणखी अडचण, कारण तांबड्या पेशी प्लेटलेटना वाहिनीच्या कडेला ढकलतात. त्या कमी असल्या की हे ढकलणंही कमी होतं. भरीला डायलिसिसच्या वेळी नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपरिन.

यावर इलाज आहेत आणि बहुतेक साधे आहेत. एका वेळी एक-दोनच दात काढायचे. खड्ड्यात विरघळणारा स्पंज किंवा रक्त थांबवणारं सेल्युलोजचं कापड ठेवून टाके घालायचे. त्यावर गॉज (जाळीदार कापडाची घडी) ठेवून अर्धा तास न उघडता चावून धरायचं. दर पाच मिनिटांनी काढून पाहिलं तर धरलेली गुठळी सुटते. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला गॉज किंवा त्याची ५ टक्क्यांची चूळ फार कामाची, पण थुंकून टाकायची. याच औषधाच्या गोळ्या किडनीतून बाहेर पडतात आणि रुग्णाच्या अंगात साठतात, म्हणून त्यांची मात्रा कमी करावी लागते. रक्तस्रावाचा धोका जास्तच असेल तर रुग्णालयात डेस्मोप्रेसिन हे रक्तस्राव कमी करणारं औषध देऊन काम करतात.

## कोणत्या वारी जायचं?

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, शक्यतो सकाळी. हेपरिनचा असर काही तासांत ओसरलेला असतो, युरिया सर्वांत खाली असतो, अंगातलं जादा पाणी काढलेलं असतं आणि माणूस विश्रांती घेऊन आलेला असतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असेल तर मंगळवार किंवा गुरुवार घ्या. शनिवारी घ्यायला हरकत नाही, पण रविवारी रक्त यायला लागलं तर बहुतेक दवाखाने बंद असतात हे लक्षात ठेवा. आठवड्यातून दोनदा, सोमवार-गुरुवार होत असेल तर मंगळवार किंवा शुक्रवार. डायलिसिसच्याच दिवशी नको. तेव्हा दाब खाली असतो, गळाठा येतो, हेपरिनही अंगात असतं.

पोटातून डायलिसिस करणाऱ्यांना वाराचं बंधन नाही. लांबलचक काम असेल तर पोटातलं द्रावण काढून गेलं की खुर्चीत आडवं पडणं सोपं जातं.

एक गोष्ट फार वेळा राहून जाते. दाढ काढून आल्यावर पुढच्या डायलिसिसला जाल तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना आधी सांगा. ते त्या दिवशी हेपरिन न देता किंवा कमी देऊन डायलिसिस करू शकतात. सांगितलं नाही, तर भरत आलेला खड्डा डायलिसिसच्या खुर्चीतच पुन्हा वाहायला लागतो.

## चिठ्ठीत काय हवं

किडनीच्या डॉक्टरांकडून "हरकत नाही" एवढंच न घेता पुढच्या गोष्टी लिहून घ्या: ताजा ई-जीएफआर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचे रिपोर्ट, पोटॅशियम, डायलिसिसचे वार आणि हेपरिन, फिस्टुलाचा हात, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या, हृदयाची झडप बदललेली आहे का. चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मोबाइलवर असले तर उत्तम. हाडांसाठी डेनोसुमॅब किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन कधी घेतलं असेल, तर तेही आठवून सांगा. त्यांच्यामुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरता उघडं राहू शकतं.

फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सुई टोचायची नाही, आणि खुर्चीच्या हाताखाली तो दबून राहू द्यायचा नाही. हे दवाखान्यात शिरतानाच सांगा. फार आडवं झोपवल्यावर धाप लागत असेल तर खुर्ची अर्धवट उठवून ठेवायला सांगा. रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तर घाई नसलेलं काम त्या दिवशी पुढे ढकलतात. फेरी फुकट गेली असं वाटेल, पण ते बरोबर असतं.

## अँटिबायोटिक: कोणतं, किती, कधी

मात्रा कमी करायची म्हणजे गोळी अर्धी करायची असं नाही. बऱ्याचदा गोळी तीच, अंतर वाढतं. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम एरवी आठ तासांनी देतात. ई-जीएफआर १० ते ३०मध्ये असेल तर बारा तासांनी, १०च्या खाली असेल तर चोवीस तासांनी. डायलिसिसच्या दिवशी ते डायलिसिस झाल्यावर घ्यायचं, नाहीतर मशीन ते धुऊन टाकतं. मेट्रोनिडाझोलही डायलिसिसमध्ये निघून जातं, त्यालाही हाच नियम. क्लिंडामायसिनची मात्रा बदलावी लागत नाही. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं किडनीला थेट इजा करतात, म्हणून दातासाठी नकोतच.

"एवढं औषध कमी केलं तर लागू कसं पडेल?" असं वाटतं. एरवी किडनी जे औषध काही तासांत बाहेर टाकते ते इथे अंगातच राहतं. नळ गळका असला तर बादली भरत राहावी लागते. गळती थांबली की एकदाच भरली तरी पुरते. भरतच राहिलो तर ती सांडते, म्हणजे साठलेल्या औषधाने गुंगी, गोंधळ, क्वचित झटकेही येतात.

रोपण झालेल्यांसाठी एक जास्तीचा इशारा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल यांच्यामुळे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या रोपणानंतरच्या औषधांची रक्तातली पातळी वर जाते आणि नव्या किडनीला इजा होते. रोपण केंद्राला फोन केल्याशिवाय ती घ्यायची नाहीत.

## मनात येणाऱ्या शंका

भुलीचं इंजेक्शन किडनीला चालतं का? चालतं. भुलीच्या औषधाची, म्हणजे लिग्नोकेनची, विल्हेवाट मुख्यतः यकृतात लागते. त्यातल्या अ‍ॅड्रिनॅलिनमुळे रक्तही कमी येतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर ते मोजून वापरतात.

एक्स-रेने किडनी खराब होते का? नाही. लोकांच्या मनात गोंधळ होतो तो शिरेतून रंगद्रव्य सोडून केलेल्या सीटी स्कॅनशी. दाताच्या एक्स-रेत किंवा पूर्ण जबड्याच्या ओपीजीत असं काही सोडत नाहीत.

दात साफ केल्याने हलतात ना? किटणाने दातांना गवंड्याच्या सिमेंटसारखं धरून ठेवलेलं असतं. ते काढल्यावर आधीच झालेली झीज जाणवते. साफ न करता हाड वाचत नाही.

फिस्टुला आहे म्हणून दर वेळी आधी अँटिबायोटिक घ्यायचं का? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार नुसत्या फिस्टुलासाठी नाही. कृत्रिम झडप असेल, पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाला असेल किंवा ठरावीक जन्मजात दोष असतील, तर हिरडीला धक्का लागणाऱ्या उपचाराच्या ३० ते ६० मिनिटं आधी एक मात्रा देतात. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी घातलेली नळी) असलेल्यांबाबत मात्र आपल्या डायलिसिस केंद्राला विचारून घ्या.

हिरड्या बऱ्या केल्या तर किडनी सुधारेल का? हिरड्यांचा जुना आजार म्हणजे अंगात सतत धुमसणारी जळजळ. किडनीचा आजार आणि तो एकमेकांच्या सोबतीने आढळतात, आणि हिरड्यांवर उपचार केल्यावर रक्तातल्या जळजळीच्या खुणा उतरतात. किडनीची घसरण त्यानेच थांबते असं मात्र सिद्ध झालेलं नाही. कोणी तसं सांगून महागडं काम करवून घेत असेल तर सावध राहा.

आधीच इतका खर्च, दात नंतर बघू? डायलिसिसचा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा २०१६मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून हलका होऊ शकतो, दातांचं रोजचं काम मात्र खिशातून करावं लागतं, हे खरं. म्हणूनच दंत महाविद्यालयांचा विचार करा. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारचं दंत महाविद्यालय. तिथे किडनीचे रुग्ण नवे नाहीत आणि गरज पडली तर जवळच मोठं रुग्णालयही आहे.

## रोपणाच्या आधी आणि नंतर

रोपणानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतात. अशा वेळी मुळाशी पू धरून गप्प बसलेली दाढ जिवावर बेतू शकते. म्हणून रोपणाआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून जे दात वाचण्यासारखे नाहीत ते काढतात, बाकीचे भरतात, किटण साफ करतात. सगळे दात काढायचे नसतात. चांगला दात काढला तर पुढे जेवणच अवघड होतं, आणि या रुग्णांना पोषणाची आधीच चणचण असते.

घरातल्या व्यक्तीकडून किडनी मिळणार असेल तर तारीख आधी ठरते, दातांचं काम आटोपता येतं. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव असेल तर फोन कधीही येतो. दोन वर्षांपूर्वीचं दातांचं प्रमाणपत्र तेव्हा काही कामाचं नाही. यादीत असेपर्यंत दर सहा महिन्यांनी दात दाखवत राहावं.

रोपणानंतरचे पहिले तीन ते सहा महिने फक्त तातडीचं काम करायचं. त्यानंतर नेहमीचे उपचार सुरू करता येतात. ओठावर किंवा तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा गाठ दिसली तर ती दाखवायलाच हवी. सिरोलिमस, एव्हरोलिमस या गोळ्यांनीही तोंड येतं, पण तो निष्कर्ष डॉक्टरांनी काढायचा.

## घरी करायचं ते

मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी. ती थुंकायची, गिळायची नाही, कारण फ्लोराइड किडनीतूनच बाहेर जातं. चंद्रपूर-यवतमाळसारख्या भागात जिथे विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, तिथे पेस्टपेक्षा पिण्याच्या पाण्याचीच तपासणी आधी करून घ्यावी. थंड-गरमाने सणकणाऱ्या दातांसाठीच्या पेस्टमध्ये बऱ्याचदा पोटॅशियम नायट्रेट असतं, पण थुंकल्यावर पोटात जातं ते नगण्य.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चूळ डॉक्टरांनी दिली तर १० मिलिलिटर, अर्धा ते एक मिनिट. ब्रश केल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधला फेस तिचा असर मारतो. दोन आठवड्यांपलीकडे गेली तर दात तपकिरी पडतात आणि आधीच बिघडलेली चव आणखी बिघडते.

तोंड सुकलं तर बर्फाचा छोटा खडा चघळा, पण तो दिवसाच्या पाण्यात मोजा. एखादी वेलची किंवा झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम लाळ आणतं. लिंबाची फोड चोखू नका. तिच्या आम्लाने दात झिजतात. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवा.

दाढ काढल्यावर "नारळपाणी, फळांचा रस आणि आइस्क्रीम घ्या" असं सरसकट सांगतात. पेलाभर नारळपाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आइस्क्रीममध्ये फॉस्फरस असतो आणि ते पाण्यातही मोजावं लागतं. त्याऐवजी कोमट, मऊ गुरगुट्या भात किंवा शिरा घ्या. मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा चोवीस तासांनंतर सुरू करायच्या. थुंकल्यामुळे ते मीठ रोजच्या मिठात धरायचं नाही.

## कधी वाराची वाट बघायची नाही

जबड्याखाली किंवा गळ्यावर सूज चढतेय, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, ताप आणि थंडी आहे. अशा वेळी डायलिसिस उद्या आहे की परवा, हे बघत बसायचं नाही. दाताच्या छोट्या दवाखान्यात न जाता जिथे डायलिसिसची सोय आहे अशा रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. दात काढल्यानंतर गॉज अर्धा-अर्धा तास दोनदा धरूनही तोंड रक्ताने भरत राहिलं, तरीही तेच करायचं. निघताना औषधांच्या पाकिटांची पिशवी, शेवटचा रिपोर्ट आणि डायलिसिस केंद्राचा फोन नंबर सोबत घ्या, आणि फिस्टुलाचा हात कोणता हे पोचल्या पोचल्या सांगा.